चढाईला आणि मोकळ्या उताराला एकच स्की: पारख कशी करावी?

संत्राबाग_वरुड

नमस्कार. मी वरुड तालुक्यातील संत्रा बागायतदार आहे. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेतील प्राथमिक आणि मध्यम असे दोन्ही अभ्यासक्रम मी पूर्ण केले असून त्यानंतर जमेल त्या हिवाळ्यात तिकडे जात आलो आहे. आजवर भाड्याच्या स्कीवर भागवले. आता स्वतःची एकच जोडी घ्यावी असे ठरवले आहे, कारण दोन जोड्या घेण्याची माझी ऐपत नाही आणि त्या ठेवायला घरात जागाही नाही.

माझी गरज अशी आहे. सकाळी गोंडोलाने (रोपवेने) गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत जायचे, तिथून स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी, स्कीच्या तळाला लावून थोडे वर चढायचे आणि मग न आखलेल्या, न दाबलेल्या बर्फावरून खाली उतरायचे. वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद राहिला, तर सूचिपर्णी झाडांच्या जंगलात दिवसभर चढ-उतार करायचा. माझा जाण्याचा काळ बागेवर अवलंबून असतो. आंबिया बहारासाठी झाडे ताणावर सोडलेली असतात तेव्हा, म्हणजे डिसेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, एक फेरी होते. पाणी सुरू झाल्यावर धाकटा भाऊ बाग सांभाळतो, म्हणून फेब्रुवारीत दुसरी फेरी जमते.

दोन स्की डोळ्यांसमोर आहेत. पहिलीची मधली रुंदी १०६ मिमी असून एका स्कीचे वजन सुमारे १८५० ग्रॅम आहे आणि तिच्यात टायटनल या मिश्रधातूचा पत्रा आहे. दुसरी ९६ मिमी रुंद, १४०० ग्रॅमची, पाव्लोनिया लाकडाच्या गाभ्याची आणि कार्बनची आहे. दोन्ही साधारण १७८ सेमी लांबीच्या आहेत. परीक्षणे वाचली की पहिलीला उतारावर शाबासकी मिळते आणि दुसरीला चढावर. परंतु ती परीक्षणे आल्प्समध्ये किंवा अमेरिकेत, स्कीवरच लहानाचे मोठे झालेल्या लोकांनी लिहिलेली असतात. माझ्यासारख्या मध्यम कौशल्याच्या माणसाने या दोहोंची पारख नेमकी कोणत्या कसोट्यांवर करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक प्रश्न असा की, आमच्याकडच्या मे महिन्यात या वस्तू घरात कशा टिकवाव्यात?

माजी_सैनिक_बुलढाणा

भाऊ, नमस्कार. नोकरीच्या काळात गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी प्रशिक्षण घेतलेला मी निवृत्त सैनिक आहे. ही संस्था १९४८ साली स्की स्कूल म्हणूनच सुरू झाली. तेव्हा माझे म्हणणे बर्फावरून आलेले आहे, कॅटलॉगवरून नव्हे.

सगळ्यांत आधी आपण दिलेल्या तारखा पाहू. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां असतो, म्हणजे थंडी कडक असते. मात्र थंडी कडक असली म्हणून बर्फाचा थर जाड असेलच असे नाही. डिसेंबरअखेर अनेकदा थर पातळ असतो, खाली दगड आणि पडलेली झाडे लपलेली असतात आणि वरच्या धारेवरचा बर्फ वाऱ्याने झोडपून लाकडासारखा कडक झालेला असतो. खोल, कोरडा आणि भुसभुशीत बर्फ जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत मिळण्याची शक्यता अधिक. म्हणजेच आपली पहिली फेरी कडक आणि दगडाळ बर्फाची, तर दुसरी खोल बर्फाची. परीक्षणांत छायाचित्रे फक्त दुसऱ्या प्रकारची असतात.

यावरून माझी पहिली कसोटी अशी की, स्कीची पारख तिच्या सर्वोत्तम दिवशी करू नये. ताज्या पावडरमध्ये जवळजवळ कोणतीही रुंद स्की माणसाला आपण उत्तम स्कीअर आहोत असे भासवते. खरी परीक्षा होते ती वरून पापुद्रा धरलेल्या आणि आतून मऊ असलेल्या बर्फावर, दुपारपर्यंत इतरांनी नांगरून टाकलेल्या उतारावर आणि सकाळच्या कडक आडव्या चालीवर. पापुद्र्यात आखूड वळणत्रिज्येची (म्हणजे कडांचा बाक जास्त असल्याने छोटी वळणे घेणारी), रुंद नाकाची, म्हणजे रुंद पुढच्या टोकाची, स्की अचानक आत ओढते आणि गुडघ्याला पीळ बसतो. वळणत्रिज्या २० मीटरच्या पुढे असलेली, टोकाला लांब आणि सौम्य रॉकर, म्हणजे वर उचललेला बाक, असलेली स्की तिथे पुष्कळ शांत राहते. आपण रुंदी आणि वजन लिहिलेत, त्रिज्या लिहिली नाहीत. ती अवश्य पाहावी.

दुसरे असे की, अफरवटच्या खांद्यावर आपण सुमारे ३९५० मीटरवर असता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. वरुडहून दोन-तीन दिवसांत तिथे पोहोचलेल्या माणसाचे पाय उतारावर लवकर थकतात, आणि थकलेल्या पायांना वजनदार, कडक स्की वळवणे जड जाते. हे खरे असले तरी माझा कौल जड स्कीकडेच आहे. फार हलकी स्की तुटक बर्फावर थरथरते, आणि त्या थरथरीला सावरण्यातच पायांची उरलेली ताकद संपते. आपला चढ थोडा आहे आणि उतार तेराशे मीटरचा आहे, हे विसरू नये.

आर्वीकर

मी मूळची वर्धा जिल्ह्यातील आर्वीची. व्यवसायाने यांत्रिक अभियंता असून तंतुमिश्रित पदार्थांच्या क्षेत्रात काम करते आणि हिवाळ्यात मनालीकडे स्की टूरिंग, म्हणजे स्कीवरूनच चढून उतरणे, करते. काकांच्या पहिल्या कसोटीशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र हलकी स्की म्हणजे थरथरणारी स्की हे समीकरण थोडे उलगडून पाहायला हवे.

स्कीचा कडकपणा आणि तिची कंपने शोषण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा मुख्यतः जाडीवर अवलंबून असतो आणि तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढवली की कडकपणा सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे पाव्लोनियासारख्या हलक्या लाकडाचा गाभा थोडा जाड ठेवला, तर स्की हलकी असूनही हवी तेवढी कडक करता येते. पाव्लोनियाची घनता घनमीटरला साधारण ३०० किलो भरते. पॉप्लरची ४०० ते ४५०, तर ॲशची ७०० च्या आसपास. कार्बनचे तंतू हा कडकपणा आणखी स्वस्तात, म्हणजे कमी वजनात, मिळवून देतात. कंपने मात्र वस्तुमानामुळे, रबराच्या थरांमुळे आणि टायटनलसारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्यामुळे शमतात. म्हणून हलकी आणि कडक स्की सहज बनते. हलकी आणि शांत स्की बनवणे अवघड असते. दुकानात स्की हाताने वाकवून पाहणारा ग्राहक कडकपणा मोजतो आणि आपण शांतपणा मोजला असे समजतो.

व्यवहारात यातून मधला मार्ग निघतो. एका स्कीचे वजन १५५० ते १७०० ग्रॅम आणि मधली रुंदी ९८ ते १०२ मिमी असलेला एक वर्ग आहे. त्यात बहुधा पॉप्लर-पाव्लोनियाचा मिश्र गाभा असतो आणि कधी पायाखाली तेवढाच धातूचा तुकडा दिलेला असतो. आपल्या दोन्ही पर्यायांच्या मध्ये हा वर्ग बसतो. पायाखालच्या त्या तुकड्याचा दुसरा उपयोग असा की, नुसते पाव्लोनिया बाइंडिंगचे (बूट स्कीला जखडणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू नीट धरून ठेवत नाही. त्या जागी धातू, कठीण लाकूड किंवा जाड तंतूंचा थर असणे आवश्यक असते. घेण्याआधी हे जरूर विचारावे.

रुंदीबद्दल थोडा हिशेब मांडते. १७८ सेमी लांबीच्या स्कीवर १० मिमी रुंदी वाढली, की तळाचे क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस सेमीने, म्हणजे ढोबळमानाने नऊ टक्क्यांनी वाढते. आता पाठीवर हिमस्खलनाचे साहित्य, पाणी, गरम कपडे आणि दोर असे सात-आठ किलो चढले, की साठ-सत्तर किलोच्या माणसाचे वजन दहा-बारा टक्क्यांनी वाढते. रुंद स्कीने तरंगण्याची जी मिळकत करून दिली, ती पाठपिशवीने खाल्लेली असते. उलट कडक बर्फावर तीच रुंदी प्रत्येक कडेला पायाच्या मध्यापासून ५ मिमी आणखी लांब नेते, स्की कडेवर उभी ठेवायला घोट्याला आणि गुडघ्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि हा जोर आडव्या चढाईत तासन्‌तास लावावा लागतो. खोल बर्फात तरंगण्यासाठी रुंदीइतकाच पुढच्या रॉकरचा आकार कामी येतो. चढाईच्या दृष्टीने मात्र पायाखाली खरा कॅम्बर, म्हणजे मध्यभागी वर उचललेली कमान, असणे फार महत्त्वाचे आहे. संपूर्ण रॉकर असलेल्या स्कीची स्किन पुढे-मागे बर्फाला टेकतच नाही आणि तीव्र चढावर ती मागे घसरते.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा मूळ प्रश्नात नाही. बाइंडिंग कोणते लावणार? बूट बारीक पिनांनी पकडणाऱ्या साध्या पिन बाइंडिंगचे वजन नगाला ३०० ते ४०० ग्रॅम असते. चढताना पिनांवर आणि उतरताना आल्पाइन, म्हणजे केवळ उताराच्या, बाइंडिंगसारखे पकडणारे, २०१८ साली बाजारात आलेल्या शिफ्टसारखे संकरित बाइंडिंग ९०० ग्रॅमच्या जवळ जाते. स्कीच्या दोनशे-तीनशे ग्रॅमवर आपण रात्र रात्र वाद घालतो आणि बाइंडिंगमध्ये पाचशे ग्रॅम निमूटपणे पायाला बांधून घेतो. सुटण्याच्या सुरक्षिततेत मात्र फरक आहे. बहुतेक पिन बाइंडिंगमध्ये बाजूची सुटका टाचेकडून होते, तर संकरित बाइंडिंगमध्ये ती आल्पाइन पद्धतीने बोटांकडून होते आणि झटके पचवण्याची लवचिकताही अधिक असते. जो मनुष्य दिवसातील बहुतांश वेळ उतरणार आहे, त्याने वजन वाचवायचे असल्यास स्कीत वाचवावे आणि बाइंडिंग दणकट घ्यावे, असे माझे मत आहे.

संत्राबाग_वरुड

काका आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. वळणत्रिज्या पाहिली: रुंद स्कीची २१ मीटर आहे आणि अरुंद स्कीची १८. माझे वजन ६८ किलो असून माझ्याकडे टूरिंगचे बूट आहेत, त्यांचे वजन एका पायाला सुमारे १४०० ग्रॅम भरते. ताईंनी सांगितलेल्या मधल्या वर्गातली, १०० मिमी रुंदीची एक जोडीही गुलमर्गला चाचणीसाठी भाड्याने मिळू शकेल असे विचारपूस केल्यावर कळले. तिन्ही स्की चालवून पाहण्याची संधी असेल, तर ती चाचणी कशी घ्यावी? पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी, असा माझा विचार होता.

आर्वीकर

तसे करू नये. एका रात्रीत बर्फ बदलतो आणि आपण स्कीची तुलना करत आहोत असे समजून हवामानाची तुलना करत बसतो. एकाच दिवशी, एकाच उतारावर, शक्यतो एकाच तासाभरात स्की बदलून पाहाव्यात. बूट स्वतःचेच असावेत. १४०० ग्रॅमच्या बुटाला टायटनलची जड, रुंद स्की नीट हाकता येत नाही. बूट वाकतो आणि स्की सरळ जात राहते. आपल्या बाबतीत १०६ मिमीच्या पर्यायाविरुद्ध हा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

भाड्याच्या स्कीत दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे कडांची धार. बोथट कडेची उत्तम स्की धारदार कडेच्या सामान्य स्कीपुढे हरते, आणि आपण स्कीला नव्हे तर दुकानातल्या कानशीला गुण देतो. म्हणून तिन्ही जोड्यांना सारखी धार आणि मेण लावून घेण्याचा आग्रह धरावा, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्यावेत. दुसरी गोष्ट म्हणजे सरकते भाड्याचे बाइंडिंग. ते जड असते, पायाखालची उंची वाढवते, आणि कधी कधी ते शिफारस केलेल्या खुणेच्या पुढे-मागे लावलेले असते. बूट मधल्या खुणेवर आहे की नाही हे स्वतः पाहावे. दोन सेंटिमीटर मागे बसवलेली स्की वळायला नाखूश वाटते आणि दोष तिच्या आकारावर जातो.

चढाईची चाचणी लोक बहुधा टाळतात, आपण टाळू नये. स्किन लावून कडक बर्फावर आडवे चालून पाहावे. तिथे नाक फार रुंद आणि कंबर अरुंद असेल तर पायाखालची कड आणि स्किन दोन्ही बर्फापासून सुटतात. मग तीव्र जागी किक टर्न घ्यावा, म्हणजे एकेक स्की उचलून जागच्या जागी दिशा उलटवावी. पाऊल उचलल्यावर स्कीचे शेपूट खाली झुकून टोक वर येत असेल, तर वळण सोपे जाते. टोक खाली पडत असेल, तर दर वेळी पाय झटकावा लागतो. स्किनवर चालताना स्की बर्फावरून घसरवत न्यायची असते, त्यामुळे सपाट चढावर जास्त वजन तितके जाणवत नाही. ते जाणवते किक टर्नला, ताजा बर्फ नाकावर साचतो तेव्हा, आणि स्की पाठीला बांधून पायी चढावे लागते तेव्हा.

कॅटलॉगमधले वजन एका स्कीचे आहे की जोडीचे, आणि कोणत्या लांबीचे, हेही तपासावे. प्रत्यक्ष नगात काही दशक ग्रॅमांचा फरक असतोच. आपल्याकडे वजनकाटा आहे, संत्री काय नि स्की काय.

माजी_सैनिक_बुलढाणा

ताईंचा बुटाचा मुद्दा मला मान्य आहे. त्या बुटांवर १०६ मिमीची धातूची स्की मी सुचवणार नाही. मात्र १४०० ग्रॅमची स्कीही सुचवणार नाही. पातळ थराच्या दिवसांत दगड लागतात, आणि हलक्या स्कीत तळाचा थर व कडेची पट्टी पुष्कळदा वजन वाचवण्यासाठी पातळ केलेली असते. तळाला खोल ओरखडा गेला तर भरता येतो. कड आतल्या बाजूला दबून तिच्यालगतचे लाकूड पाणी पिऊ लागले, तर ती स्की संपली. विकत घेताना कडेच्या पट्टीची जाडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी, डोळ्यांना दिसते.

उताराच्या चाचणीत एक गोष्ट आवर्जून करावी. दिवसाच्या अखेरीस, पाय थकलेले असताना, तीच वळणे पुन्हा घ्यावीत. सकाळी जी स्की चपळ वाटली ती संध्याकाळी अंगावर येते का, हे त्याच वेळी कळते. आणि ही सगळी चाचणी गोंडोलाच्या मुख्य, नियंत्रित भागातच करावी. त्याच्या बाहेरचे उतार हिमस्खलनाच्या दृष्टीने कोणी सुरक्षित करून ठेवलेले नसतात. अनोळखी स्की, अनोळखी बाइंडिंग आणि तो उतार या तिन्हींची एकाच वेळी ओळख करून घेऊ नये. बाहेर जायचे ते वाटाड्यासह, त्या दिवशीचा धोक्याचा अंदाज पाहून, बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, फावडे आणि शोधकाठी जवळ ठेवून, आणि या तिन्ही वस्तू वापरण्याचा सराव करून.

मेळघाट_पायवाट

परतवाड्याहून लिहितो. स्कीच्या निवडीत वरच्या दोघांपुढे मी काय बोलणार, पण मे महिन्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहीत आहे. माझी टूरिंग स्की विदर्भाचे काही उन्हाळे पाहून अजून शाबूत आहे.

आपल्याकडे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली किंवा माळ्यावर तो त्याहून बराच वर असतो. स्कीचे थर राळेने चिकटवलेले असतात. सततची उष्णता त्या राळेला मानवत नाही. म्हणून स्की माळ्यावर, गोदामात किंवा बंद मोटारीत कधीही ठेवू नये. मातीच्या किंवा जाड विटांच्या भिंतीची, खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडील खोली उत्तम. हंगाम संपताच तळ धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि त्यावर मेणाचा जाड थर द्यावा. तो खरवडू नये, आणि तो कडांवरही पसरलेला असू द्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो आणि कडांचे पोलाद जुलैपर्यंत तांबूस होते. दोन्ही स्की एकमेकींना घट्ट आवळून बांधू नयेत, नाहीतर कॅम्बर महिनोन्‌महिने दाबला जातो.

खरी नाजूक वस्तू म्हणजे स्किन. तिचा गोंद उष्णतेने पातळ होतो, आणि गोंदाला गोंद चिकटवून घडी घातली असेल तर हिवाळ्यात ती उलगडताना गोंद एका बाजूवरून निघून दुसरीवर जातो. स्किनसोबत येणारी जाळी मध्ये घालूनच घडी घालावी, ती हवाबंद पिशवीत ठेवावी आणि घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावी. फ्रिजमध्ये जागा असेल तर माझी हरकत नाही, घरच्यांची असू शकते. घेताना मोहेर (अंगोरा शेळीचे केस) आणि नायलॉन यांचे मिश्रण घ्यावे. शुद्ध मोहेर अधिक चांगली घसरते, पण लवकर झिजते. नायलॉन पकड चांगली देते आणि टिकते, पण चालताना ओढ जाणवते.

प्रवासाचे म्हणाल तर नागपूरहून हिमसागर किंवा अंदमान एक्सप्रेसने जम्मूपर्यंत जाता येते, आणि जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली. १७८ सेमीची स्की पिशवीत घातली की तिची लांबी आणखी वाढते. बाइंडिंगचे ब्रेक रबराच्या पट्ट्याने बांधून ठेवावेत, कारण हमालाच्या खांद्यावर पिशवी फाडणारी वस्तू तीच असते.

संत्राबाग_वरुड

तिघांचेही आभार. आता १०० मिमीची जोडी मुख्य धरून आणि ९६ मिमीची तुलनेला घेऊन चाचणी करेन. १०६ मिमीचा विचार सोडला आहे. बाइंडिंग संकरित घेईन. शेवटची शंका अशी की, १०० मिमीच्या स्कीला ब्रेक किती रुंद घ्यावा आणि स्किन किती रुंद?

आर्वीकर

ब्रेक स्कीच्या मधल्या रुंदीइतका किंवा पाच-दहा मिमी अधिक असावा. १०० ला १०० चा ब्रेक कधी कधी कडेला घासतो, म्हणून ११० चा मिळत असेल तर तो बरा. त्याहून रुंद घेतला, तर कड लावताना ब्रेकचा दांडा बर्फात अडकतो. स्किन नाकाच्या रुंदीची घेऊन ती स्कीच्या आकाराप्रमाणे कापावी आणि दोन्ही बाजूंना पोलादी कड तेवढी उघडी राहील इतकेच अंतर सोडावे. बर्फावरची दातेरी पट्टी, म्हणजे स्की क्रॅम्पॉन, घेणार असाल तर तिची रुंदीही याच वेळी जुळवून घ्यावी. डिसेंबरअखेरच्या आपल्या फेरीत ती लागेल, आणि ती बाइंडिंगच्याच बनावटीची नसेल तर बहुधा बसत नाही.